पडद्यावरचा पाठ आधी टाचणात उतरवा

बडोद्यातल्या ज्या शाळांत आम्ही प्रोजेक्टर बसवतो, तिथल्या शिक्षकांसाठी हे पत्रक आहे. यंत्र कसं चालवायचं हे आमचा कारागीर दाखवतोच. इथे पाठाच्या आखणीबद्दल थोडं.

टाचण काढताना आधी एक प्रश्न लिहा: या तासातलं काय खडू-फळ्याने दाखवता येत नाही? उत्तर एका वाक्यात मांडता आलं नाही, तर त्या तासाला पडदा बंदच ठेवा. यंत्रं विकणारे असूनही आम्ही हे आग्रहाने सांगतो.

दहावीची विद्युतधारा घ्या. पहिला दिवा थोडी धारा वापरून टाकतो आणि पुढच्याला उरलेली मिळते, असं पुष्कळ मुलांना वाटतं. फळ्यावरच्या आकृतीत धारा दिसत नाही, त्यामुळे हा गैरसमज वर्षभर तसाच राहतो. इथे कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातलं सर्किटचं मोफत सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, उपयोगी पडतं. बॅटरी 9 व्होल्ट आणि प्रत्येक दिव्याचा रोध 10 ओहम ठेवा.

तास 40 मिनिटांचा असेल तर पहिल्या 8 मिनिटांत पडदा लावूच नका. एकसर जोडणीतल्या दोन दिव्यांची आकृती फळ्यावर काढा. पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मधे आणि दुसऱ्याच्या पुढे धारा किती असेल, हे प्रत्येकाला वहीत लिहू द्या. ही पायरी गाळली की मुलं नुसती बघत बसतात, कारण पडताळून पाहायला त्यांच्याकडे स्वतःचं काही नसतं. नंतर 12 मिनिटं पडदा. अँमीटर तिन्ही जागी लावा, तिन्हीकडे 0.45 अँपिअर दिसेल. आता तेच दिवे समांतर जोडा: प्रत्येक शाखेत 0.9, बॅटरीजवळ 1.8. पुढची 15 मिनिटं जोडीजोडीने खरे दिवे, म्हणजे दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब आणि तारा. उरलेल्या 5 मिनिटांत प्रत्येकाने वहीतला अंदाज दुरुस्त करून त्याचं कारण लिहावं.

खऱ्या बल्बचे आकडे सिम्युलेशनशी तंतोतंत जुळणार नाहीत. सिम्युलेशनमध्ये जोडणीच्या तारेचा रोध जवळपास शून्य धरलेला असतो, आणि खऱ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो. हा फरक मुलांना आधीच सांगा, नाहीतर प्रयोग फसला असं त्यांना वाटतं. घरच्या 230 व्होल्टच्या प्लगवर यातलं काहीही करायचं नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

तास बिघडतो तो बहुधा नेटमुळे. सिम्युलेशनची फाईल आदल्या दिवशी उतरवून घ्या आणि वाय-फाय बंद करून एकदा उघडून बघा. दुपारपाळीत पश्चिमेकडच्या खिडकीतलं ऊन थेट पडद्यावर येतं. पडद्याजवळची खिडकी तेवढी झाका, मागची उघडी राहू द्या, म्हणजे मुलांना वहीत लिहिता येईल. अक्षरं वाचता येतात का, हे शेवटच्या बाकावर बसूनच ठरवा.

लॅम्पचा प्रोजेक्टर वीज जाऊन गरम असतानाच बंद पडला, तर लॅम्पचं आयुष्य घटतं. यूपीएस असेल तर त्यावर तास पुढे रेटू नका, तेवढ्या वेळात प्रोजेक्टर नीट बंद करा. पुन्हा लावण्यापूर्वी तो निवू द्या. खडूची पूड फिल्टरमध्ये साचली की यंत्र तापून मधेच बंद होतं. महिन्यातून एकदा फिल्टर काढून ब्रशने झाडा, आणि फळा पुसताना डस्टर प्रोजेक्टरखाली झटकू नका.