भूतानच्या कौटुंबिक सहलीपूर्वी: मुलांच्या जन्मदाखल्याविषयी

भूतान सहलीची चौकशी करताना बहुतेक कुटुंबे आधी थंडीविषयी विचारतात, मग शाकाहारी जेवणाविषयी. कागदपत्रांचा विषय निघाला की मात्र "सगळ्यांची आधार कार्डे आहेत" एवढ्यावर तो संपवला जातो. तयारीतला आपला आणि आमचा सर्वांत जास्त वेळ याच समजुतीपायी जात असल्याने हे माहितीपत्रक काढत आहोत.

भारतीय नागरिकांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेश परवाना लागतो. तो किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेल्या पासपोर्टवर किंवा मतदार ओळखपत्रावर मिळतो. आधार, पॅन किंवा वाहन परवान्यावर मिळत नाही. 15 वर्षांखालील मुलांना आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठांना आधार चालते, असे काही ग्राहक आम्हांला दाखवून देतात. ती सवलत भारत सरकारने आपल्या बाजूने दिलेली आहे. भूतानचा परवाना भूतान सरकार देते आणि ते आधार ग्राह्य धरत नाही. त्यामुळे आजी-आजोबांची मतदार ओळखपत्रेही वेळेवर शोधून ठेवावीत.

18 वर्षांखालील मुलांकडे पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो, आणि खरी अडचण इथेच येते. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असल्याने रुग्णालयाकडून ती पुष्कळदा बारशाच्या आधीच पाठवली जाते. परिणामी दाखल्यावर आईवडिलांची नावे असतात, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहतो. पुढे तो दाखला फाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून असतो आणि ही उणीव सहलीच्या तोंडावर लक्षात येते. नाव नंतर नोंदवता येते, जन्मापासून 15 वर्षांपर्यंत त्याची तरतूद आहे. मात्र ते काम जिथे जन्माची नोंद झाली त्याच कार्यालयात होते. बाळंतपण माहेरी झाले असेल, तर मूल पुण्यात वाढत असले तरी नोंद कऱ्हाडला किंवा लातूरला असते, आणि तिथवर जाण्यासाठी रजा काढावी लागते. एका कुटुंबाच्या बाबतीत हे प्रस्थानाच्या दोन आठवडे आधी उघडकीस आले आणि त्यांचा पूर्ण आठवडा त्यातच गेला. ग्रामपंचायतीचा जुना दाखला केवळ मराठीत असेल, तर इंग्रजी मजकूर असलेला नवा दाखलाही त्याच फेरीत मागून घ्यावा.

मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव आणि विमानाच्या तिकिटावर सासरचे, हा घोळही नेहमीचाच आहे. परवाना ज्या कागदपत्रावर काढायचा, त्यावरील नाव आहे तसेच तिकिटावर घेतले पाहिजे.

या कारणांमुळे कुटुंबातील प्रत्येकाचे कागदपत्र तपासून झाल्याखेरीज आम्ही विमानाची आणि हॉटेलांची आगाऊ नोंदणी करत नाही. काहींना हा अट्टहास वाटतो, आणि दरम्यान तिकीट महागले तर त्यांची नाराजी आम्ही समजू शकतो. परंतु एका मुलाच्या दाखल्यासाठी सहा जणांची तिकिटे रद्द करण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. तपासणीसाठी आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये भूतान पर्यटकांसाठी पुन्हा खुला झाल्यापासून भारतीयांनाही प्रतिरात्र 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे आणि त्याहून लहान मुलांना माफ आहे. आईवडील, 9 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाला सहा रात्रींसाठी 18,000 रुपये होतात. स्वस्त वाटणाऱ्या दरपत्रकात ही रक्कम धरली आहे का, हे अवश्य विचारावे. आमच्या दरात ती धरलेली असते आणि वेगळी दाखवलेली असते.

आमचा मार्ग बागडोगराहून जयगाव-फुंत्शोलिंगमार्गे थिंफू, पुनाखा आणि पारो असा आहे. कड्यावरचा तक्त्सांग मठ सुमारे 3,100 मीटर उंचीवर असून तिथे चढून जावे लागते. म्हणून तो आम्ही पहिल्या दोन दिवसांत न ठेवता शेवटी ठेवतो, म्हणजे लहानांना आणि ज्येष्ठांना उंचीची सवय झालेली असते. ज्यांना पूर्ण चढ झेपणार नाही, त्यांना अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोड्यावरून नेता येते, आणि तिथून समोर मठ दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीतील सहलीसाठी सर्वांची कागदपत्रे जुलैअखेर आणि मे महिन्यातील सहलीसाठी जानेवारीअखेर आमच्याकडे पाठवावीत. जन्मदाखल्याची दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाप्रत पाठवावी आणि पाठवण्यापूर्वी नावाचा रकाना स्वतः एकदा पाहावा. प्रवासात मूळ दाखला सामानाच्या बॅगेत न ठेवता आईच्या किंवा वडिलांच्या हातातील पिशवीत ठेवावा.