जुन्या मोटारींच्या अंतर्भागाची रंगजुळणी (गोवा)

अंतर्भागाची रंगजुळणी : जुनी मोटार मूळ रूपात आणताना आसनांचे रेक्झीन किंवा कातडे, दारांची आतली पॅडे, छताचे कापड, डॅशबोर्ड, पायांखालचे मॅटिंग, पायपिंग (शिवणीवरची गोल किनार) आणि शिवणीचा दोरा यांचे रंग मूळ रंगाशी आणि एकमेकांशी जमवण्याचे काम. गॅरेजात याला ‘शेड लावणे’ म्हणतात. बाहेरच्या रंगकामापेक्षा हे काम अवघड आहे. बाहेर सगळा पत्राच असतो. आत मात्र पत्रा, प्लॅस्टिक, कापड, कातडे आणि पुठ्ठा हे सगळे एका रंगाचे दिसावे लागतात, आणि त्यांतला प्रत्येक पदार्थ आपापल्या गतीने म्हातारा झालेला असतो.

गोव्यात या कामाला वेगळे वळण मिळाले, ते इतिहासामुळे. १९४७ नंतर भारतात परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि मुरगाव बंदरात युरोपातल्या गाड्या उतरत राहिल्या. पन्नाशीच्या दशकात लोहखनिजाच्या निर्यातीने पैसा आला आणि मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवॅगन घराघरांच्या अंगणात दिसू लागल्या. मर्सिडीझ तर टॅक्सी म्हणूनही धावत. मुक्तीनंतर या गाड्यांचे सुटे भाग आणि आतला कपडा मिळणे कठीण झाले. मग म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या कुशनवाल्यांनी बाजारात जे रेक्झीन मिळाले ते चढवले. दहा-पंधरा वर्षांनी त्यावर दुसरे चढले. त्यामुळे इथली जुनी गाडी उघडताना एकाखाली एक दोन-तीन आवरणे निघतात. घाईने सगळे फाडून टाकणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक, कारण तळाचा मूळ तुकडा एकदा कचऱ्यात गेला की तो परत मिळत नाही. (‘रेक्झीन’ हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील कंपनीचे व्यापारी नाव. तो माल कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर देऊन केलेला असे. आपल्याकडे हा शब्द पुढे कुठल्याही कृत्रिम कातड्याला लागला.)

मूळ रंग ऊन न पोचलेल्या जागी शोधावा लागतो. मागच्या आसनाच्या तळाशी, दाराच्या पॅडचा कपडा पुठ्ठ्यामागे मुडपून चिकटवला असेल त्या कडेला, ॲशट्रेच्या खाली, क्रोमच्या पट्टीमागे, हात टेकायच्या आधाराखाली, शिवणीच्या आत दबलेल्या अर्ध्या इंचात. शिवण उसवून आतली कड पाहिली की कित्येकदा मालक दचकतो : ज्याला तो आयुष्यभर ‘बिस्किटी’ म्हणत आला तो रंग मुळात फिकट हिरवट-राखी निघतो. उघड्या भागावर दिसतो तो रंग थरांचा असतो. गोव्यात सर्वांत वरचा थर लाल मातीचा. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात फिरलेल्या गाडीच्या रेक्झीनच्या दाण्यात ही धूळ इतकी मुरते की फिकट रंग गुलाबी वाटू लागतो. रेक्झीनला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे वर झिरपते, पृष्ठभाग चिकट होतो आणि धूळ धरून ठेवतो. आसनाच्या पाठीचा वरचा काठ आणि त्याच्यावरचे छताचे कापड खोबरेल तेलाने काळवंडलेले असते. डॅशबोर्डवर दसऱ्याच्या हळदकुंकवाचे डाग असतात. त्यांतली हळद उन्हाने उडते, कुंकू मात्र चिवटपणे राहते. म्हणून नमुना घेण्याआधी सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन, पुरते वाळवूनच रंग पाहावा. स्पिरिट वापरायचे तर आधी दडलेल्या कोपऱ्यात, कारण ते मळाबरोबर रंगही काढते.

दडलेला तुकडाही पूर्ण सत्य सांगत नाही. भर उन्हात बंद गाडीच्या आत तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. उजेड न लागताही त्या उष्णतेने पीव्हीसी, म्हणजे कृत्रिम कातड्यातले प्लॅस्टिक, पिवळसर पडते. शिवाय मागच्या बाजूने सरसाचा डाग वर येतो. म्हणून तुकड्याला कागदपत्रांचा आधार हवा. मर्सिडीझच्या डेटा कार्डावर (त्या गाडीच्या कारखान्यातल्या नोंदीचे पत्रक) आतल्या कपड्याचा सांकेतिक क्रमांक असतो. मॉरिस, ऑस्टिन यांसारख्या ब्रिटिश गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज प्रमाणपत्रात कारखान्यातून निघतानाचा आतला रंगही नोंदलेला असतो. जुन्या रंगीत फोटोंवर विसंबू नये. छापील फोटोतली रंगद्रव्ये कमी-अधिक वेगाने उडतात आणि सगळा फोटो एका बाजूला, बहुधा तांबूस, झुकतो. कुटुंबाच्या अल्बममधला लग्नाच्या दिवशीचा फोटो पायपिंग कुठे होती आणि आसनावर किती पट्ट्या होत्या हे नेमके सांगतो. त्यासाठी तो अनमोल आहे, शेडसाठी नाही.

यानंतरचा प्रश्न उजेडाचा. दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात आणि प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी परावर्तित करतात. याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानातल्या एलईडीखाली पसंत केलेले रेक्झीन मिरामारच्या किनाऱ्यावर हिरवट दिसते ते यामुळेच. प्रयोगशाळेत दिवसाच्या प्रकाशासाठी ‘डी ६५’ (सुमारे ६५०० केल्व्हिन) आणि तारेच्या पिवळ्या दिव्यासाठी ‘ए’ (सुमारे २८५६ केल्व्हिन) हे प्रमाण प्रकाश वापरतात. नमुना दोन्हींत पाहिला तर फसगत टळते. असे दिवे असलेली पेटी नसेल तर जुन्या गोमंतकीय घराचा उत्तराभिमुख बलकांव (दारापुढचा व्हरांडा) हे काम चांगले करतो : थेट ऊन नाही, समोर मोकळे आकाश. मात्र आंब्याच्या झाडाखाली किंवा लाल अंगणात शेड ठरवू नये. पानांचा हिरवा आणि मातीचा तांबडा उजेड नमुन्यावर पडतो आणि डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. मध्ये खिडकी कापलेला राखाडी पुठ्ठा नमुन्यावर ठेवून पाहिले की शेजारच्या रंगांचा प्रभावही जातो. हा पुठ्ठा प्रत्येक कुशनवाल्याच्या भिंतीवर टांगलेला असायला हवा. खर्च दहा रुपये, बचत अख्ख्या ठाणाची.

मोजयंत्रे, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, हेच काम आकड्यांत करतात. १९७६ च्या सीआयई-लॅब पद्धतीत रंगाची उजळता, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा असे तीन आकडे येतात आणि दोन रंगांतले अंतर ‘डेल्टा-ई’ने मांडतात. १ च्या आसपासचा फरक शेजारी-शेजारी ठेवल्यावर सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो. पण दाणेदार रेक्झीनवर आणि लवीच्या कापडावर यंत्र दर वेळी वेगळा आकडा देते. तिथे अनेक ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी आणि निर्णय डोळ्याने करावा.

एकच रंग वेगवेगळ्या पृष्ठभागांवर वेगळा दिसतो, हे या कलेचे खरे मर्म. चकचकीत पत्र्याचा डॅशबोर्ड आणि त्याच सूत्राने रंगवलेले मंद रेक्झीन शेजारी ठेवले तर रेक्झीन फिकट वाटते, कारण खरबरीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो. म्हणून डबा उघडून थेट जुळवू नये. ज्या पदार्थावर रंग चढणार त्याच्याच कातरणावर रंगाचा हात मारून, वाळवून, मग पाहावे. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतोच. चकाकी वेगळी जुळवावी लागते. रेक्झीनवर लवचीक राहणारा रंगच चालतो, साधा पत्र्याचा रंग पहिल्या बसण्यात तडकतो. नवा कपडा एकाच ठाणातून, पुरून उरेल इतका घ्यावा. दुसऱ्या ठाणात शेड थोडी का होईना सरकलेली असते. मॅटिंग आणि मखमलीचे तुकडे कापताना लव एकाच दिशेला ठेवली नाही तर एकाच कापडाचे दोन दरवाजे दोन रंगांचे दिसतात.

ऋतूही पाहावा लागतो. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी आर्द्रता असते की डॅशबोर्डवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (झटकन वाळणारा रंग) मारताना थिनर उडून पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसते आणि रंग पांढरट, धुरकट होतो. सावकाश उडणारा थिनर मिसळून हे काही अंशी टळते, पण अनुभवी मेस्त (कारागीर) डॅशबोर्डचे काम चवथीनंतर, शक्यतो डिसेंबर-जानेवारीतच हातात घेतात. दारांचा पुठ्ठाही पावसात फुगतो आणि ताणून बसवलेला कपडा उन्हाळ्यात सैल पडतो.

शेवटी ठरवायचे ते कोणत्या काळाचा रंग आणायचा हे. चार आसनांपैकी एकच फाटले असेल तर कारखान्याच्या मूळ शेडचा नवा कपडा तिथे ओरडतो. अशा वेळी उडालेल्या रंगाशी जुळवणेच योग्य. सगळेच गेले असेल तर मूळ शेडकडे जावे. अर्धे नवे आणि अर्धे उन्हाने उडालेले असा मधला मार्ग गाडीला कधीच शोभत नाही. फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची २०१२ ची ट्यूरिन सनद जपणुकीला नव्याने करण्यापेक्षा वरचे स्थान देते. त्याच न्यायाने, धुऊन आणि शिवून टिकणारे मूळ रेक्झीन, थोडे विटके असले तरी, नव्या रेक्झीनपेक्षा मोलाचे मानावे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ क्रमांकमालिका आली. तिच्या अटींचा भर चासी, बॉडी आणि इंजिन मूळ असण्यावर आहे. आतला रंग मालकाच्या आणि मेस्ताच्या सचोटीवर सोडलेला आहे. त्यामुळे जाणकार कुशनवाले मूळ कपड्याचा तळहाताएवढा तुकडा, वापरलेल्या रंगाचे सूत्र आणि तारीख एका पाकिटात घालून ते मागच्या आसनाखाली, ऊन न पोचणाऱ्या जागी ठेवतात.