केसांसाठी घरी भिजवलेली मेंदी

मेंदीच्या झुडपाची (शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस) वाळलेली पानं दळून जी पूड होते ती पाण्यात नाहीतर चहाच्या पाण्यात भिजवून केसांना लावायचा लेप. मुख्य उपयोग पांढरे केस रंगवायचा, पण बऱ्याच घरांत उन्हाळ्यात डोक्याला थंडावा म्हणून, केस जरा दाट दिसावेत म्हणूनही लावतात. पूड किराणा दुकानात, काष्ठौषधीच्या दुकानात, आता ऑनलाइन सगळीकडे मिळते आणि त्यातली बरीचशी राजस्थानातून येते, पाली जिल्ह्यातलं सोजत त्यासाठी प्रसिद्ध, तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये जीआय टॅगसुद्धा (भौगोलिक मानांकन) मिळाला.

रंग येतो तो पानातल्या लॉसोन नावाच्या द्रव्यामुळे. वाळलेल्या पानात ते जेमतेम एखाद-दोन टक्के असतं, पण केस ज्या केराटिन प्रथिनाचे बनलेले असतात त्याला ते घट्ट चिकटतं, म्हणून मेंदी धुतली तरी जात नाही. आणि हा रंग एकच आहे, तांबूस-केशरी. मेंदी केसांचा मूळ रंग काढून टाकत नाही, त्याच्यावर चढते, त्यामुळे काळ्या केसांवर फक्त उन्हात लालसर झाक दिसते आणि पांढऱ्या केसांवर सरळ केशरी. नुसत्या मेंदीने काळे केस होत नाहीत, कधीच नाही, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

भिजवायची पद्धत घरोघरी वेगळी. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण १०० ग्रॅम पूड पुरते. ती आधी बारीक चाळून घ्यायची, नाहीतर काड्या केसांत अडकतात आणि धुताना जीव नकोसा होतो. मग चहा पावडर उकळून गाळलेलं कोमट पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या, भज्यांच्या पिठाएवढं सरसरीत झालं की बास. लिंबाचा रस किंवा आवळा पावडर घालतात ती आंबटपणासाठी, किंचित आंबट पाण्यात लॉसोन हळूहळू आणि नीट सुटतं, म्हणून तर रात्रभर झाकून ठेवायची पद्धत आहे. उन्हाळ्यात तेवढाही वेळ लागत नाही, पाच-सहा तासांत वरचा थर तपकिरी दिसायला लागतो, ती तयार झाल्याची खूण. उकळतं पाणी मात्र ओतू नये.

लोखंडी कढईत भिजवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि ती उगीच नाही. चहातल्या आणि आवळ्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी क्रिया होऊन काळपट रंग तयार होतो, त्यामुळे केशरी जरा दबतं आणि तपकिरीकडे झुकतं. ज्यांना पुढे पार्लरमध्ये ब्लीच किंवा केमिकल कलर करायचाय त्यांनी स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्यावं. बाकी माका, ब्राह्मी, जास्वंद, शिकेकाई, मेथी, दही, अंडं, कॉफी, काथ, बीटाचा रस असं काय काय घालतात. दह्याने केस मऊ लागतात हे खरं, पण दही-अंडं घातलं की रंग फिका बसतो असा अनेकींचा अनुभव आहे, आणि बीटाचा रंग केसांवर टिकत नाही, एका धुण्यात जातो. माझं मत विचाराल तर पूड ताजी असेल तर चहा आणि आवळा एवढ्यात काम होतं.

काळाच रंग हवा असेल तर मेंदीनंतर नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड लावतात. ती रात्रभर भिजवायची नसते, तिच्यात लिंबूही नको, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून १०-१५ मिनिटं ठेवायची आणि लगेच लावायची. धुतल्यावर थोडी हिरवट झाक दिसली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशीपर्यंत गडद होते.

पण पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिलंय आणि अर्ध्या तासात केस काळेभोर, तर त्यात बहुतेक वेळा पीपीडी (पॅराफिनिलिनडायमाइन) हा केमिकल डाय असतो. काहींना त्याची भयंकर ॲलर्जी येते, टाळूला खाज, पुरळ, डोळे-चेहरा सुजणं इथपर्यंत. असा डाय विकताना लेबलवर सावधगिरीची सूचना छापणं भारतात कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचाच, आणि कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. शुद्ध मेंदीचा त्रास क्वचित होतो, पण जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना तिच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायचा धोका असतो, म्हणून तान्ह्या बाळांना मेंदी अजिबात लावू नये.

लावायच्या आधी केस धुऊन कोरडे करायचे, तेल नको. कपाळाच्या कडेला आणि कानांना मात्र खोबरेल लावायचं म्हणजे त्वचा रंगत नाही. हातमोजे घालून भांग पाडत मुळांपासून लावायची, बुचडा बांधून शॉवर कॅप घालायची, २ ते ४ तास ठेवायची. सर्दीचा त्रास असेल तर थंडीत संध्याकाळी लावू नये, दुपारी उन्हात बसावं. धुताना साधं पाणी, शॅम्पू एक-दोन दिवसांनी, कारण हवेमुळे रंग त्या वेळात अजून मुरतो. पुढच्या वेळी फक्त वाढलेल्या मुळांना लावली तरी चालते, दरवेळी सगळ्या केसांना लावली तर थरावर थर चढून टोकं मुळांपेक्षा गडद दिसतात.