कॅमेरा सुरू होण्याआधीचे कागद : कमी खर्चात चित्रपट करणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

इंदूरमध्ये मराठी नाटकाची हौस पिढ्यांची आहे, आणि आता नाट्यमंडळांतील तरुण स्वतःचा चित्रपटही करू लागले आहेत. त्यांच्याजवळ संहिता असते, तालमीत तयार झालेले कलाकार असतात, कोणाच्या तरी मामाचा जुना वाडा असतो आणि मित्रांनी जमवलेले चार-पाच लाख रुपये असतात. नसतात ते बहुधा कागद. चित्रपट पूर्ण होऊन एखादा वितरक किंवा ओटीटी कंपनी तो घ्यायला तयार होते, तेव्हा आधी हक्कांची कागदपत्रे मागितली जातात, आणि ज्याची सही राहून गेली आहे त्या एका माणसाच्या मर्जीवर सगळे काम अडून बसते. म्हणून हे पत्रक चित्रीकरणाआधी वाचावे, अशी आमची, म्हणजे चित्रपटांच्या अशा कागदांचे काम पाहणाऱ्यांची, कळकळीची विनंती आहे.

कथा कोणाची, चित्रपट कोणाचा

कॉपीराइट अधिनियम, १९५७ कल्पनेला संरक्षण देत नाही. ती ज्या शब्दांत उतरली त्या लिखाणाला देतो, आणि तेही लिहिल्याबरोबर. नोंदणी सक्तीची नसली तरी वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि संहितेसाठीचे सरकारी शुल्क ५०० रुपयेच आहे. खरी काळजी घ्यायची ती लेखकाशी होणाऱ्या करारात. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो, आणि मिळालेला हक्क १ वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे नमूद नसल्यास, तो संपुष्टात येतो. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी चित्रीकरण करणाऱ्यांचा चित्रपट सहज दोन वर्षे चालतो, त्यामुळे ही शेवटची तरतूद आमच्या ग्राहकांना सर्वांत जास्त बाधते. ‘वर्षभरात वापरला नाही तरी हक्क संपणार नाही’ हे एक वाक्य करारात आहे की नाही, हे कृपया स्वतः पाहावे.

कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. चौघा मित्रांनी पैसे घातले असतील तर निर्माता कोण, कोणाचे पैसे कर्जाऊ आणि कोणाचे भागीदारीचे, आणि एकाने मध्येच अंग काढून घेतले तर काय, हे मैत्री शाबूत असतानाच लिहून काढावे. नफ्याचे आश्वासन देऊन अनोळखी लोकांकडून रकमा गोळा करणे मात्र टाळावे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात ते सापडू शकते.

कलाकार आणि मुले

‘घरचाच मुलगा आहे, त्याची कसली सही?’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो. घरच्याच मुलाची सही आधी घ्यावी. कलाकाराने एकदा लेखी संमती दिली की, उलट करार नसल्यास, त्या भूमिकेच्या वापराला तो पुढे हरकत घेऊ शकत नाही. मोबदल्याशिवायचा करार सामान्यतः टिकत नाही, म्हणून फुकट काम करणाऱ्यालाही ५०० रुपये का होईना द्यावेत आणि पावती घ्यावी. करार सही करणाऱ्याला समजेल त्या भाषेत, मराठीत किंवा हिंदीत, करावा. इंग्रजी भाषांतर पुढे करून घेता येते.

१४ वर्षांखालील मूल काम करणार असेल तर ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीचे किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात. ही अट कागदोपत्री उरकण्याची नाही. रात्री अकरा वाजता पेंगणाऱ्या मुलाला ‘आणखी एकच टेक’ म्हणणाऱ्या युनिटचे काम आम्ही घेत नाही.

जागा

वाड्यासाठी मामांची एकट्याची संमती पुरत नाही. मिळकतीच्या नोंदीवर पुण्याच्या काकांचे आणि बडोद्याच्या आत्यांचे नाव असेल तर त्यांचीही सही लागते, आणि त्या कागदावर फक्त तारखा नव्हे, तर जागेचे चित्र कायम वापरण्याची मुभाही लिहिलेली असावी. मांडूच्या वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर इंदूरचा राजवाडा आणि लालबाग महाल राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. त्यामुळे अर्जाची वाट वेगवेगळी आहे. ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि राजवाडा त्या अंतरातच येतो. महूला लष्करी हद्दीजवळ कॅमेरा काढण्यापूर्वी आम्हाला जरूर विचारावे.

संगीत

प्रत्येक गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे निरनिराळे हक्क असतात. कवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये निवर्तले. मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली की त्यांचे शब्द आता सर्वांना खुले आहेत. पण त्यांच्या कवितेला नंतर कोणी लावलेली चाल आणि ती गायलेली तबकडी खुली असेलच असे नाही. आपल्या संगीतकाराकडून नवी चाल बांधून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत सुंदर मार्ग आहे.

आमच्या एका ग्राहकाने गणेशोत्सवात गल्लीतला प्रसंग चित्रित केला. मांडवातल्या भोंग्यावरचे चित्रपटगीत संवादांखाली मुद्रित झाले आणि आई-मुलीचे एकही वाक्य त्यातून सुटे करता येईना. हक्काची रक्कम आवाक्याबाहेरची होती. शेवटी दोघींना स्टुडिओत बोलावून सगळे संवाद पुन्हा घेतले. तोवर मुलीचे पुढचे दोन दात पडले होते आणि तिचा ‘स’ पडद्यावरच्या ओठांशी जुळत नव्हता.

प्रमाणपत्र

चित्रपटगृहासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीपासून ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या) वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन गट आहेत, आणि प्रमाणपत्राला आता मुदत नाही. ओटीटीवर वर्गवारी कंपनी स्वतः करते. कथेत अंगणातल्या गाईचे किंवा टांग्याच्या घोड्याचे काम असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीच घ्यावी, कारण ती नंतर मागून मिळवणे फार जड जाते. धूम्रपानाच्या दृश्याला वैधानिक इशारे जोडावे लागतात. दृश्य अनावश्यक असेल तर ते वगळणेच सोपे.

पहिल्या भेटीला येताना संहितेची प्रत, पैसे घालणाऱ्यांची नावे व रकमा, कलाकार-तंत्रज्ञांची यादी आणि चित्रीकरणाच्या जागांची टिपणे आणावीत. करार झालेले असतील तर तेही आणावेत, मग ते वहीच्या पानावर लिहिलेले का असेनात. मूळ कागद आम्ही पाहून लगेच परत देतो आणि छायाप्रती तेवढ्या ठेवून घेतो.