पुंगळी डायमध्ये रुतू नये म्हणून: रायफलच्या रीसायझिंग डाय घेणाऱ्या ग्राहकांसाठी

‘डाय खराब निघाली’ म्हणून ग्राहक जी डाय (उडवलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) परत आणतात, तिच्यात बहुतेक वेळा एक पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) रुतून बसलेली असते आणि तिची कड फाटलेली असते. डाय चांगलीच असते. पुंगळीला वंगण पुरेसे लागलेले नसते, नाहीतर लावल्यावर ते सुकू दिलेले नसते. टेक्सासमधल्या आमच्या मराठी ग्राहकांकडून हीच तक्रार वारंवार येते, म्हणून हे पत्रक. रीलोडिंगची (उडवलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याची) तोंडओळख तुम्हाला आहे असे धरले आहे. इथली माहिती .२२३, .३०८, .३०-०६ यांसारख्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळ्यांची आहे.

पुंगळी रुतते कशी

गोळी सुटल्यावर पितळ चेंबरभर (रायफलमधली काडतूस बसण्याची जागा) फुगते. फुल-लेंग्थ डाय ते दाबून पुन्हा बारीक करते. पुंगळीची भिंत बुडाशी सर्वात जाड असते, त्यामुळे खरा जोर रॅमच्या (प्रेसमधला पुंगळी डायमध्ये ढकलणारा दांडा) शेवटच्या अर्ध्या इंचात लागतो. आपण मात्र बोटाने वंगण लावतो ते पुंगळीच्या मध्यावर, कारण हाताला तोच भाग सोपा. बूड कोरडे राहते. कोरडे पितळ पोलादाला चिकटते, रॅम खाली ओढताना शेल होल्डर (रॅमवर पुंगळी धरून ठेवणारा भाग) तिची कड उपटून घेतो आणि पुंगळी आतच राहते.

‘कार्बाइड (अतिशय कठीण, गुळगुळीत पदार्थाची) डाय घेतली तर वंगण लागणार नाही ना?’ असे बरेच जण विचारतात. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइड डायमध्ये वंगण लागत नाही, हे खरे. रायफलच्या बाटलीदार पुंगळीला मात्र कार्बाइड डायमध्येही लागतेच. रायफलची कार्बाइड डाय आम्ही मागणीवरून आणून देतो, पण ‘वंगणाचा त्रास वाचेल’ असे सांगून विकत नाही.

वंगण लावताना

आमच्या फवाऱ्याच्या बाटलीत लॅनोलिन आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १:१२ या प्रमाणात असते. हे घरी करता येते, त्यात गुपित काही नाही. फक्त औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे अल्कोहोल वापरू नका. त्यात पाणी असते आणि लॅनोलिन नीट विरघळत नाही.

.३०८ च्या पन्नासेक पुंगळ्या झिपच्या पिशवीत घ्या, चार-पाच फवारे मारा आणि पिशवी हाताने घोळवा, म्हणजे बुडापर्यंत सगळीकडून लागते. ट्रेमध्ये उभ्या करून वरून फवारले तर एकच बाजू ओली होते. मग पुंगळ्या ट्रेवर पसरा आणि पाच-दहा मिनिटे हात लावू नका. सर्वात जास्त पुंगळ्या रुततात त्या इथल्या घाईमुळे. अल्कोहोल हे लॅनोलिन पसरवण्यापुरते आहे. ते उडून गेल्यावरच वंगणाचा थर तयार होतो. ओली पुंगळी हाताला निसरडी लागते, म्हणून काम झाले असे वाटते. पुंगळी कोरडी दिसून बोटाला किंचित चिकट लागली, की ती तयार झाली.

थोड्या पुंगळ्या असतील तर मेण बरे. बोटाला जेमतेम लागेल एवढे मेण घेऊन बुडाकडून वर चोळा. एकदा घेतलेले मेण चार-पाच पुंगळ्यांना पुरते. मेणाची लहान डबी आम्ही प्रत्येक रायफल डायसोबत देतो. तिची किंमत डायमध्येच धरलेली आहे आणि त्यावर काही ग्राहक नाराज होतात. पण रुतलेली पुंगळी काढण्यात जाणारा वेळ पाहता ही डबी सोबत असलेलीच बरी, या मतावर आम्ही ठाम आहोत.

खांद्यावर (पुंगळी जिथे मानेकडे निमुळती होते तिथे) वंगण नको. तिथे साचलेल्या वंगणाला जायला जागा नसते, त्याच्या दाबाने पितळ आत दबते आणि खांद्यावर खळगे पडतात. किरकोळ खळगा पुढच्या वेळी गोळी सुटताना सपाट होतो. पण खळगे पडू लागले तर डायचा वरचा भाग आणि तिथले हवेचे भोक साफ करा.

मानेच्या आतून नायलॉनच्या ब्रशने थोडे वंगण किंवा कोरडे ग्रॅफाइट फिरवा. एक्स्पांडर बॉल (डायमधल्या रॉडवरचा, मान आतून मापात आणणारा गोळा) बाहेर येताना चर्र आवाज झाला तर मान ओढली जात आहे असे समजा. स्टीलच्या पिना घालून पाण्यात टंबल केलेल्या (ड्रममध्ये फिरवून धुतलेल्या) पुंगळ्यांत हे जास्त होते, कारण आतली काजळीसुद्धा निघून गेलेली असते. नवीन डायला कारखान्यातले गंजरोधक तेल असते. ते पुसून काढा आणि पहिल्या काही पुंगळ्यांना वंगण थोडे सढळ लावा.

रुतलीच तर

हँडल नेहमीपेक्षा जड लागले की तिथेच थांबा, पुंगळी मागे घ्या आणि पुन्हा वंगण लावा. रुतल्यावर डिकॅपिंग रॉडवर (डायमधला प्रायमर बाहेर ढकलणारा दांडा) हातोडी मारू नका. रॉड वाकतो आणि पुंगळी तिथेच राहते. आधी रॉड आटे फिरवून जमेल तेवढा वर घ्या, म्हणजे ड्रिल एक्स्पांडर बॉलला लागणार नाही. मग ७ नंबरच्या ड्रिलने प्रायमरच्या (बुडातली ठिणगी देणारी टोपी) जागी भोक पाडा, १/४-२० चा टॅप मारून आटे पाडा, वर कप ठेवा आणि बोल्ट आवळत पुंगळी ओढून काढा. हा संच आमच्याकडे मिळतो. डाय आणून दिली तर आम्ही काढून देतो, मात्र त्याची मजुरी घेतो, कारण हा डायचा दोष नाही. जिवंत प्रायमर असलेली पुंगळी ड्रिल करायची नसते. तशी असेल तर आधी फोन करा.

डाय किती खाली घ्यावी

डायसोबतच्या कागदावर सहसा लिहिलेले असते: शेल होल्डरला टेकेपर्यंत फिरवा आणि आणखी १/८ ते १/४ फेरा खाली द्या. तो जादा फेरा प्रेसची लवचीकता काढून टाकण्यासाठी असतो. असे केले की पुंगळी कोणत्याही रायफलमध्ये बसते, पण तुमचे चेंबर लांब असेल तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो. दर वेळी पितळ ताणले जाते आणि काही वेळा भरून उडवल्यानंतर बुडाच्या जरा वर चकचकीत कडे दिसू लागते. वाकवलेली तार आतून फिरवून तिथे खाच लागते का ते पाहा. लागली तर ती पुंगळी टाकून द्या. पुढच्या वेळी ती तिथूनच तुटते.

म्हणून मोजून बसवा. आपल्याच रायफलमधून उडवलेल्या पुंगळीचा प्रायमर काढून बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी कंपॅरेटरने (कॅलिपरला लावायचे मोजणीचे साधन) घ्या. डाय टेकल्यानंतर अर्धा फेरा वर घ्या, एक पुंगळी दाबा आणि पुन्हा मोजा. आकडा आधी वाढेल. बाजू दाबल्या गेल्या की पितळ पुढे सरकते, आणि या टप्प्यावर ती पुंगळी रायफलमध्ये घातली तर बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) जड लागतो. घाबरू नका. १/१६ फेऱ्याने खाली येत राहा. आटे इंचाला १४ असल्याने एवढ्यात डाय सुमारे ०.००४५ इंच उतरते. आकडा खाली येऊ लागला की आणखी बारीक फिरवा. बोल्ट-अ‍ॅक्शनला उडवलेल्या पुंगळीपेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच कमी पुरते, सेमी-ऑटोला ०.००३ ते ०.००४. मग पुंगळी आत असतानाच लॉक रिंग आवळा.

शेवटी वंगण पूर्ण पुसून काढा. चेंबरमध्ये तेलकट पुंगळी गेली तर बोल्टवरचा मार वाढतो, आणि आतले वंगण बारूद व प्रायमर खराब करू शकते. पुंगळीची एकूण लांबी रीसायझिंगनंतरच मोजा: .३०८ साठी कमाल २.०१५ इंच, ट्रिम करून २.००५.

भारतात काडतुसे तयार करायला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. त्यामुळे हे साहित्य आम्ही तिकडे पाठवत नाही, कृपया आग्रह करू नये.

डाय घ्यायला येताना आपल्या रायफलमधून उडवलेल्या तीन-चार पुंगळ्या घेऊन या. खांद्याचे माप आम्ही विनामूल्य काढून डायच्या डब्यावर लिहून देऊ.