नृसिंह सरस्वती : बालपण आणि गुरुशोध (करवीर परिसरातील परंपरा)

दत्त संप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभांनंतरचा दत्तावतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती (परंपरेनुसार १३७८–१४५९) जन्माने विदर्भातील कारंजाचे. कोल्हापूर भागाशी त्यांचा संबंध आला तो संन्यासानंतर. कृष्णा-पंचगंगा संगमावर, आजच्या शिरोळ तालुक्यात, त्यांचे बारा वर्षे वास्तव्य होते. त्या जागेला नृसिंहवाडी किंवा नरसोबाची वाडी म्हणतात. कोल्हापूरकरांच्या तोंडी नुसते ‘वाडी’. त्यांच्या बालपणाची हकीकत सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्र’ या ओवीबद्ध ग्रंथात येते.

वडील माधव, आई अंबा, मुलाचे नाव नरहरी. जन्मताच त्याने ॐकार उच्चारला आणि पुढे सात वर्षे त्याखेरीज एक अक्षर बोलला नाही. मूल मुके निघाले म्हणून आईबाप हवालदिल झाले. त्याने खुणेनेच सांगितले, की मुंज झाली म्हणजे बोलेन. मुंजीत आईने पहिली भिक्षा घातली तेव्हा ऋग्वेदाचा आरंभ त्याच्या मुखातून आला, दुसरीला यजुर्वेद, तिसरीला सामवेद. लोक थक्क झाले. पण त्याचे पुढचे बोलणे आईला जड गेले. भिक्षा मागायला तूच सांगितलेस, आता तीर्थांना जायला निरोप दे, असे तो म्हणाला. आणखी मुले होईपर्यंत थांब, ही आईची विनवणी त्याने मानली. वर्षभराने जुळी भावंडे झाली, ती तीन महिन्यांची होताच तो काशीला निघाला.

काशीत वृद्ध कृष्ण सरस्वतींकडून त्याने संन्यास घेतला आणि ‘नृसिंह सरस्वती’ हे नाव मिळाले. जो स्वतःच जगद्गुरू त्याला गुरू कशाला, हा प्रश्न ग्रंथातला नामधारक नावाचा शिष्यच विचारतो. रामाला वसिष्ठ होते, कृष्णाला सांदीपनी होते, असे उत्तर त्याला मिळते. शिवाय कलियुगात संन्यास वर्ज्य समजला जाऊ लागला होता, तो मार्ग पुन्हा रूढ करायचा होता. म्हणजे हा गुरुशोध मर्यादा पाळण्यासाठीचा आहे. चाचपडणे, रडणे, दारोदार हिंडणे त्यात नाही.

ते सारे आले आहे सतराव्या अध्यायातल्या करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, मुलाच्या वाट्याला. विद्वान ब्राह्मणाचा हा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, मुंज झाली, पण पाठांतर काही केल्या येईना. बापाचे नाव घेऊन गावाने त्याला इतके हिणवले की त्याने घर सोडले. कृष्णाकाठच्या भिलवडीला भुवनेश्वरी देवीपुढे तीन दिवस उपाशी धरणे धरले, जीभ कापून देवीच्या पायांवर ठेवली आणि आता डोके वाहतो म्हणाला. पैलतीरी औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडे जा, असा स्वप्नात दृष्टांत झाला. कृष्णा पोहून तो पलीकडे गेला. ते यती म्हणजे नृसिंह सरस्वतीच. स्वामींनी मस्तकावर हात ठेवताच जीभ परत आली, विद्याही आली; मानस सरोवरात कावळ्याचा राजहंस व्हावा तसे झाले, असे ग्रंथ म्हणतो. मतिमंद म्हणून हिणवलेला असाच एक मुलगा आठव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभांच्या कुरवपूरला भेटतो, आणि त्याचीच आई पुढच्या जन्मी नरहरीची आई होते. मुक्या किंवा मंद मुलाच्या आईबापांचे दुःख या ग्रंथाला विशेष जवळचे दिसते.

गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणाच्या रूढ क्रमात दहा ते एकवीस हे अध्याय दुसऱ्या दिवशी येतात. त्यामुळे कारंजाची मुंज, काशीचा संन्यास आणि करवीरचा मुलगा एकाच बैठकीत वाचले जातात.

मुंजीत सुरू झालेली भिक्षा शिरोळ परिसरातही सुटली नाही. शिरोळला एका गरीब घरी जोंधळ्याच्या कण्यांखेरीज वाढायला काही नव्हते, ताटही नव्हते. स्वामी दगडावरच जेवले. ते स्थान ‘भोजनपात्र’ म्हणून ओळखले जाते. अमरापूरच्या ब्राह्मणाचे पोट दारच्या घेवड्याच्या वेलावर चालत असे. स्वामींनी घेवड्याची भाजी खाल्ली आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. घरची बाई रडू लागली. नवरा उरलेले मूळ खणू लागला तेव्हा तळाशी द्रव्याने भरलेला कुंभ लागला. पारायणाच्या सांगतेला नैवेद्यात घेवड्याची भाजी करतात ती या वेलाची आठवण म्हणून.