एकाच नाईकांची चार खाती

चवथ जवळ आली की म्हापशात मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात उधारी वसुलीची धावपळ सुरू होते. दोन वर्षांमागे मी मदतीला म्हणून टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली पार्टी लिस्ट, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, उघडून बसलो, आणि एकाच कॉन्ट्रॅक्टरची चार लेजर, म्हणजे खाती, सापडली. एकात इंग्रजीत नाईक शेवटी सरळ 'के' लावून, एकात पोर्तुगीज वळणाने 'क्यू-यू-ई', एकात पुढे कन्स्ट्रक्शन जोडलेलं, आणि चौथ्यात नुसतं 'नाईक फोंडा'. सॉफ्टवेअर उधारीची मर्यादा लेजरप्रमाणे बघतं, त्यामुळे चारही ठिकाणी बाकी थोडी थोडी दिसायची, इशारा कधी आलाच नाही, आणि बेरीज केली तेव्हा मामा खुर्चीत बसूनच राहिला.

आपल्या गोव्यात हे होणारच. गावाला दोन नावं, डिचोली आणि बिचोलिम, पेडणे आणि पेर्नेम, साखळी आणि सांकेलिम, आणि आडनावांचं तर विचारूच नका, प्रभूंचे पोरोब होतात, कामतांचे कामोतीम होतात आणि दोन्ही बरोबर असतात.

मग कॉम्प्युटरला कसं कळणार की हे नाव आणि ते नाव एकच? एक जुना उपाय साउंडेक्स, त्याचं अमेरिकन पेटंट १९१८ सालचं आहे. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. नाईक दोन्ही स्पेलिंगने घ्या, उत्तर एन-२०० च येतं. प्रभू आणि पोरोब दोघेही पी-६१०. मला हे बघून खरंच भारी वाटलं, कारण ज्याने हे बनवलं त्याच्या डोक्यात गोवा असायचं काही कारणच नव्हतं! पण कामत 'के' ने आणि कामोतीम 'सी' ने सुरू होतं, तिथे ते आपटतं, कारण पहिलं अक्षर ते सोडत नाही.

दुसरा उपाय रशियन गणिती लेवेनश्टाइनचा, १९६५ चा. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. इथे तर उलटंच होतं, इंग्रजी स्पेलिंगात नाईकचा नायर एका अक्षरात होतो, पण नाईकचं पोर्तुगीज रूप करायला तीन बदल लागतात. म्हणजे ह्याच्या हिशेबाने केरळचा नायर जवळचा आणि आपला नाईक लांबचा.

माझी मोठी चूक मात्र वेगळीच झाली. उत्साहात मी सारखी दिसणारी सगळी नावं एकत्र केली आणि फोंड्याच्या दोन वेगळ्या नाईकांचा एक नाईक झाला, एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर, आणि त्या बिचाऱ्याला मामाने फोनही केला. डबल खातं राहिलं तर हिशेब फुटतो, पण दोन माणसं एक केली तर माणूस तुटतो, शिवाय एकदा मिसळलेल्या नोंदी परत वेगळ्या करायला जुनी बिलं एकेक काढून बघावी लागतात.

ह्याचं गणित फेलेगी आणि संटर ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडलं. जुळणीला वजन द्यायचं, आणि ते वजन दुर्मिळपणावर. गोव्यात दोन ठिकाणी नाईक जुळलं तर त्यातून जवळपास काहीच कळत नाही, पण एखादं क्वचित ऐकू येणारं आडनाव जुळलं तर बरंच कळतं. सगळी वजनं मिळवून तीन ढीग करायचे, नक्की एकच, नक्की वेगळे, आणि मधला ढीग माणसाने बघायचा. तो मधला ढीगच मी वगळला होता.

जीएसटी नंबर असेल तर काम सोपं. १५ अक्षरं, सुरुवातीला गोव्याचा कोड ३०, मग दहा अक्षरी पॅन, आणि शेवटचं अक्षर आधीच्या १४ वरून गणिताने काढलेलं, त्यामुळे टाईप करताना एखादं अक्षर चुकलं तर लगेच पकडता येतं. पण नंबर नियमात बसतो एवढंच त्यातून कळतं, तो समोरच्याचाच आहे हे नाही. आणि सुतार, प्लंबर यांच्याकडे बहुतेक जीएसटी नसतोच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. डेटा कोणी हात न लावता बिघडतो. फोंडा तालुका २०१५ साली उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, मामाच्या लिस्टमध्ये अजून उत्तरच होता, म्हणजे टाकताना बरोबर होतं आणि पडल्या पडल्या चूक झालं. मोबाईल नंबर बंद पडला की कमीत कमी ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, मग आपण उधारीचा मेसेज कुठल्या अनोळखी माणसाला पाठवतो देव जाणे. पावसाआधी कौलं दरवर्षी चाळावी लागतात ना, तसंच आहे हे, एकदा साफ केलं आणि सुटलो असं नाही.

म्हणून मामाच्या लिस्टमध्ये आम्ही एक कॉलम वाढवला, 'शेवटचं कधी विचारलं'. नवीन पार्टी उघडताना आधी फोन नंबराने शोधायचं, नावाने नंतर. जुनं खातं डिलीट करायचं नाही, त्यावर नवीन खात्याचा नंबर लिहून बंद करायचं. आता मे महिन्यात जुन्या तारखांची लिस्ट निघते आणि दुकानातला मुलगा दुपारी गिऱ्हाईक नसताना एकेकाला फोन लावतो. फोंड्याचे दोन्ही नाईक अजून आमच्याकडूनच माल नेतात, आणि दोघांच्याही खात्यावर लिहिलंय, 'हा दुसरा आहे, एकत्र करू नये'.